बंद पडलेल्या कार्डाची सीडी

धनाजीला घालवलं की साखर कारखान्याच्या काटाघरातली खिडकीजवळची खुर्ची आपली, आणि चेअरमनच्या कानाशी जागाही आपलीच, असा शिवतेजचा हिशोब होता. दिवाळीत दोन्ही मिळालं. निघताना धनाजीच्या हातात जुन्या सीड्यांचं खोकं कोंबून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "हे भंगारही न्या. तुमच्यासोबत शोभेल."

आता माघ होता, आणि इस्लामपूरकडच्या त्या कारखान्याचा एकुलता काटा कालपासून बंद होता. संगणक जलद चालावा म्हणून शिवतेजनं तो पुसून कोरा केला, आणि उसाचं वजन ऑफिसात पोचवणारं जुनं नेटवर्क कार्ड त्याचा प्रोग्रॅमही पुसला गेल्यानं मुकं झालं. त्या काट्याला दुसरं कार्ड चालत नव्हतं. कंपनीच्या साइटवर दोनच ओळी होत्या: हे उत्पादन बंद झाले आहे. सोबत दिलेली सीडी वापरा. हातानं लिहिलेलं वजन शेतकरी मानेनात. तोडलेला ऊस ट्रॉल्यांत वाळत होता, तासातासाला हलका होत होता. चेअरमननी शिवतेजला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती.

धनाजी ज्वारीच्या शाळवात मचाणावर बसला होता, मांडीवर गोफण. पाखरं बिचकावीत म्हणून ताटांना बांधलेल्या सीड्या उन्हात चमकत होत्या.

"काका, त्या कार्डाची सीडी द्या."

"आज काका व्हय? दिवाळीत भंगार हुतो." धनाजी खाली उतरला नाही. "हुडका की सायेब. समद्या हितंच हायत."

शिवतेज शाळवात शिरला. पात्यांनी हात चिरले, मानेत कणसांची खाजरी कूस गेली. दवानं आणि उन्हानं सीड्यांचे पापुद्रे सुटले होते. वरून धनाजी मधूनच "डावीकडं बघा" म्हणायचा. डावीकडं काही नसायचं.

शेवटी शिवतेजनं हात जोडले. "नोकरी जाईल हो माझी."

"माजी गेली तवा कुणी हात जोडलं हुतं?"

धनाजीनं बंडीच्या खिशातून सीडी काढली. कागदी पाकिटात जपलेली, एक ओरखडा नाही. हा दिवस येणार हे त्यानं खोकं उचलतानाच ओळखलं होतं. शिवतेजला ती नीट दिसू दिली, मग गुडघ्यावर ठेवून मोडली.

"भंगार," म्हणाला, आणि दोन्ही तुकडे खाली टाकले.

शिवतेज शिव्या देत बांधावरून गेला. त्याच बांधावरून धनाजीची बायको रंगूबाई भाकरी घेऊन आली. धनाजीचं हसू अजून मावळलं नव्हतं.

"आवं, काट्यावर जाऊन या जरा. तुमाला त्यातलं समदं ठावं हाय."

"शपथ हाय माजी. त्या कारखान्याला उसाचं एक टिपरूबी घालणार न्हाई."

"शपथ तुमची. उसाला तुरा आला, आनी किती दिस बघत बसायचं? वडलांनी दिलेलं रान माज्या नावावर हाय. तुमाला न सांगता घातला तोडीला." तिनं बुट्टी टेकवली आणि पायाशी पडलेला तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "काट्याम्होरं कालधरनं समद्यांच्या मागं दोन ट्रॉल्या उभ्या हायत न्हवं, त्या आपल्याच."

भांडण दोघांचं होतं. शिवतेजला पुढच्याच महिन्यात साताऱ्यात दुसरी खुर्ची मिळाली. धनाजीला पारावर सांगायला गोष्ट मिळाली. नुकसान भरलं ते रंगूबाईनं.