केतकीचे मामा

"मुलीचे मामा कुठे आहेत? मुलीला घेऊन या," गुरुजींनी माइकवरून पुकारा केला आणि केतकीची आई सुहासिनी हातातलं अक्षतांचं ताट घेऊन दाराकडे बघू लागली.

डोंबिवलीचा तो हॉल माणसांनी भरला होता. नव्हता तो फक्त तिचा भाऊ. चोवीस वर्षांपूर्वी, बी. ए. झाल्या झाल्या तिने मारुतीशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं होतं. परवा फोनवर एवढंच म्हणाला, "केतकीला आशीर्वाद सांग. यायचं म्हणू नकोस." मग मारुतीच्या मावसभावाला उभं करायचं ठरलं. तो नेमका जेवणाची पंगत बघायला खाली गेला होता.

तिने मारुतीकडे पाहिलं. मारुतीने जमिनीकडे पाहिलं. वरपक्षाच्या बायकांत कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात मधल्या रांगेतून दौलत उठला. तो शहाडला राहायचा, जवळच्या मोहने गावातल्या कंपनीत शिफ्टा करायचा. पंख्याखालून भगवान उठला. नौपाड्यातलं चष्म्याचं दुकान बंद ठेवून सकाळीच आलेला. दाराजवळून गुरुदत्त मास्तर उठला. तिघंही सुहासिनीबरोबर ठाण्याच्या कॉलेजात एका वर्गात होते. तेव्हापासून एकाच्या घरी बारसं असो की दुसऱ्याचं ऑपरेशन, बाकीचे न बोलावता हजर व्हायचे.

तिघं मधल्या वाटेत एकमेकांना आडवे आले.

"तू कुठे निघालास?" भगवानने विचारलं.

"तू निघालायस तिथेच," दौलत म्हणाला. "मागे हो. मी आधी उठलेलो."

"उठून काय होतं?" गुरुदत्तने पिशवीतून गुलाबी फेटा काढला. "सुहासिनीचा भाऊ येणार नाही हे कळलं, त्याच दिवशी मी हा बांधून घेतलाय."

भगवानने आपल्या पिशवीतून केशरी फेटा काढला. दौलतकडे फेटा नव्हता. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली.

"अहो, मामा एकच लागतो," गुरुजी म्हणाले. "लवकर ठरवा, मुहूर्त टळेल."

"थांबा जरा." बायकांच्या बाजूने शेवंती उठली. ही त्यांच्याच वर्गातली, चेंदणीच्या कोळीवाड्यातली, आता बँकेत होती. "हिच्या लग्नाला रजिस्ट्रारसमोर पहिली सही कोणी केलेली? मी. ह्या तिघांचे तर हात कापत होते. मग मीच का बसून राहायचं?"

गुरुजींनी पोथीवरून डोळे वर केले. "मामाच्या जागी बाई?"

गुरुजी सुहासिनीकडे वळले. "ताई, तुम्हीच सांगा. यातले तुमचे भाऊ कोण?"

सुहासिनीने ताट मारुतीच्या हातात दिलं. सकाळपासून ती पाहुण्यांना उत्तरं देत होती, भाऊ का आला नाही याची. दर वेळी आवाज बारीक व्हायचा. आता झाला नाही.

"चौघंही," ती म्हणाली.

"ह्या बाईसुद्धा?"

"तिच्याशी तर मी सगळ्यांत जास्त भांडलेय."

गुरुजींनी पोथीचं पान उलटलं. "मग चौघं जा. पण लवकर आणा मुलीला."

चौघं खोलीत गेली आणि केतकीला घेऊन आली. एकेकाळी ती ह्यांच्याच खांद्यांवर बसून जत्रा हिंडली होती. तिला यात काही नवल वाटलं नाही. दौलतकडे फेटा नाही म्हणून गुरुदत्तने आपला गुलाबी दौलतच्या डोक्यावर ठेवला. तो कानावर आला. अंतरपाट धरला गेला आणि केतकीच्या मागे चौघं दाटीवाटीने उभी राहिली.

"काका, दोघं तरी बाजूला व्हा, फ्रेममध्ये मावत नाही," व्हिडिओवाला म्हणाला. कोणी हललं नाही. शेवटी तोच खुर्चीवर चढला.

पलीकडे नवऱ्याच्या मागे त्याचा मामा एकटाच उभा होता, किरकोळ अंगाचा, सफारीतला. त्याने अंतरपाटाच्या कडेने डोकावून ही गर्दी पाहिली.

"तुमच्यातला एखादा इकडे पाठवता का?" त्याने हळूच विचारलं.

"कसा पाठवू?" दौलत कानावरचा फेटा सावरत म्हणाला. "आमच्याच वर्गातले अजून दोघं यायचेत."