पडीक रान

सायकलचा जुना टायर गवतात पडला आणि आठ-दहा शिक्षक त्याभोवती उकिडवे बसले. टायरच्या आत किती जातींचं गवत आहे, एवढंच मोजायचं होतं. वडूजजवळच्या माळावर शिक्षकांचं निसर्ग शिबिर चाललं होतं. नावं सांगायला शिबिर घेणाऱ्या प्रियदर्शनीने मेंढपाळ कोंडीबाला बोलावलं होतं. "ह्या पडीक रानात काय बगायचंय?" म्हणतच तो आला होता.

"ह्यो पवन्या. ही मारवेल. ह्यो शेडा," कोंडीबा काठीच्या टोकाने दाखवत गेला आणि चौदावर थांबला. नानासो गुरुजींना त्यातली दोनच ओळखता आली होती.

तसंही त्यांचं लक्ष पलीकडच्या राईकडे होतं. उजाड माळ हिरवा करायचा म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांनीच पोरांकडून तिथे गिरिपुष्पाची पाचशे झाडं लावून घेतली होती. तालुक्यात त्यांना झाडवाले गुरुजी म्हणत, आणि ते त्यांना मनापासून आवडे. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. आपण मागे काय ठेवलं, असं कोणी विचारलं तर दाखवायला ही राईच होती.

"मॅडम, आता आमच्या राईत चला की. तिथं मोजू."

प्रियदर्शनी जराशी घुटमळली. मग म्हणाली, "चला."

राईत छान गारवा होता. गुरुजींनी स्वतः टायर फेकला. तो वाळक्या पाल्यावर पडला. त्यांनी पाला हाताने बाजूला सारला, तर खाली नुसती माती. त्यांनी टायर दुसरीकडे फेकला, मग तिसरीकडे. तरुण शिक्षिका क्रांतीने वहीत शून्य लिहिलं आणि त्यावर हळूच तळहात ठेवला.

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोंडीबा, इथं आधी काय होतं?"

"हितं? समद्यात चांगला पवन्या हितंच हुता. आमच्या बाची मेंढरं हितंच चरायची."

"मग आम्ही खड्डे काढत होतो तेव्हा बोलला का नाही? तुम्ही तर स्वतः पहार घेऊन आला होता."

कोंडीबाने उत्तर दिलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच गुरुजींना जास्त लागलं.

"आवं गुरुजी, आमची पोरगी माया तवा तुमच्याच वर्गात हुती. तुमी सांगितल्यालं तिनं वहीत लिवलं हुतं. घरी येऊन मला वाचून दावलं, माळ म्हंजी पडीक रान." तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. "तवापास्नं आमी बी पडीकच म्हंतो."