कपाटावरचं बोट

आमच्या वृद्धाश्रमात टोचून उरलेलं मॉर्फीन दुसऱ्या नर्सच्या देखत बेसिनमध्ये ओतायचं आणि दोघींनी औषधांच्या कपाटावरच्या ठसायंत्रावर साक्ष म्हणून बोट टेकवायचं, असा नियम. कनिष्ठ नर्स डेल्फीनाला नापास झाल्यामुळे गावच्या कॉलेजने नर्सिंगच्या वरच्या वर्गातून काढलं होतं. फेरप्रवेशासाठी तिला मुख्य नर्स लोर्नाचं शिफारसपत्र हवं होतं. मुदत आज संपत होती. आश्रमातल्या बेनिग्नो आजोबांना मॉर्फीन टोचून लोर्ना आली, पण सिरिंज जवळजवळ भरलेलीच होती. ती खिशात टाकून तिने नुसता नळ सोडला. “ओतलेलं पाहिलंस ना?” ती हसली. “पत्र तयार आहे पोरी. आईला सांग, तिने पाठवलेले मक्याचे तमाले छान होते.” लोर्नापाठोपाठ डेल्फीनाने बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला. पत्र घेऊन ती निघाली, तर आतून कण्हत आजोबांनी विचारलं, “पोरी, इंजेक्शन दिलं का गं मला?” “दिलं ना,” ती म्हणाली. “माझ्यादेखत दिलं.”