आपोआप पडणारी अक्षरं

"पाह्यलं? पडलं ना पुन्हा?" रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली.

धम्मदीपनं मान हलवली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'यवै' अशी अक्षरं उमटली होती. अर्थ काहीच लागत नव्हता. शेजारच्या खाटेवर रुखमाबाईचा नवरा उकंडा छताकडे बघत पडला होता. गेलं दीड वर्ष तो असाच पडून होता.

वणीच्या कोळशाच्या ट्रकवर वीस वर्षं ड्रायव्हर असलेला माणूस. एका सकाळी लकवा मारला, हातपाय गेले, वाचा गेली. त्याला आता काही समजतं की नाही, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

धम्मदीप यवतमाळचा. ट्रक तोलायच्या धर्मकाट्यांवर वजनाचे प्रोग्रॅम बसवायचा, तिथलीच त्याची नि उकंडाची ओळख. आठ महिन्यांपूर्वी त्यानं उकंडासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर अक्षरांच्या चौकोनांवरून एक उजेड सरकत जायचा. तो हव्या अक्षरावर आला की बोटाला बांधलेलं बटन दाबायचं. वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं बोलायचा.

उकंडाचं बोट जेमतेम हलतं, असं रुखमाबाई सांगायची. म्हणून तीच त्याचा हात हातात धरून बसायची. पण घर बोलतं झालं होतं. मुलगी उर्वशी नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडून घरी परत यायला निघाली होती. बापानं कॉम्प्युटरमधून सांगितलं, "शिकून घे," आणि ती थांबली.

आज चारच्या एसटीनं ती येणार होती, बापाशी बोलायला. आणि आठवडाभर प्रोग्रॅम पिसाळला होता. कोणी हात लावला नाही तरी अक्षरं पडत होती.

"तुमी आज हे बंदच करून टाका ना, भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "पोरीले सांगतो, मशीन बिघडलं."

"बंद कायले, वहिनी? सापडते आता."

पहिला दोष लगेच सापडला. प्रोग्रॅम एकाच वेळी दोनदा उघडला होता. एक खिडकी समोर, दुसरी तिच्यामागं लपलेली. त्यानं मागची बंद केली, पुन्हा तसं होऊ नये म्हणून चार ओळी लिहिल्या आणि चहा मागितला. चहा येईपर्यंत पडद्यावर नवं अक्षर पडलं.

मग बटन. जुनं बटन एकदा दाबलं की कधीकधी दोनदा मोजायचं. त्यानं दोन दाबांमध्ये थोडा वेळ सोडायला लावला. तरी तेच. त्यानं वायर बदलली, मग बटनच नवं लावलं. शेवटी घरचा कॉम्प्युटर बाजूला सारून आपला लॅपटॉप जोडला. नवं बटन टेबलावर ठेवून वीस मिनिटं बघत बसला. एकही अक्षर पडलं नाही.

"झालं!" त्याला एकदम हलकं वाटलं. "गेली पीडा."

रुखमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिचेही खांदे सैल झाले.

त्यानं बटन उकंडाच्या बोटाला बांधलं आणि चहाचा कप उचलला. कप ओठाला लागायच्या आत अक्षर पडलं. मग दुसरं.

"अवं वहिनी," तो हसला, "दादाच दाबून राह्यले हे. आपण उगाच मशीनले दोष देतो."

"नाही. त्यायनं नाही दाबलं."

"तुमी कसं सांगता? तुमी तर तिकडं होत्या."

रुखमाबाई दाराजवळ उभी राहून पदराचं टोक पिळत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्यायनं कधीच नाही दाबलं, भाऊ. आठ महिने मीच दाबून राह्यली. त्यायच्या बोटावर माझं बोट ठेवून."

धम्मदीपनं कप खाली ठेवला.

"पोरगी शिक्षण सोडत होती," ती म्हणाली. "बापाले काही समजतच नाही, मग शिकू कोणासाठी, म्हणे. मी काय करू? मले वाटलं, एकच डाव बोलून टाकू त्यायच्या नावानं. मग ती दर रविवारी फोनवर विचारे, बाबा काय म्हणते? आता मशीन आपोआप काहीबाही लिहून राह्यलं. तिच्यासमोर असं झालं त सारं उघडं पडन."

रागावावं असं धम्मदीपला काही दिसलं नाही. मग सवयीनं त्यानं घरच्या कॉम्प्युटरवरच्या दाबांच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक दाबाची वेळ तिथं लिहिलेली असायची. रुखमाबाईचे दाब ओळखू येत होते, उजेड अक्षरावर आला की बरोबर पडलेले. या आठवड्यातले वेगळे होते. उजेड एका चौकोनावरून पुढं सरकला, की क्षणभरानं दाब. प्रत्येक वेळी तेवढाच उशीर. एकही अपवाद नाही. प्रत्येक अक्षर एक घर मागं घेतलं, तर 'यवै'चं 'मले' होत होतं.

बिघाड इतका नेमानं उशीर करत नाही.

"वहिनी, तुमी तिथंच उभ्या राहा," तो म्हणाला. त्यानं उजेडाचा वेग निम्म्यावर आणला आणि खुर्ची मागं सरकवली.

उजेड सावकाश सरकू लागला. थांबला. पुन्हा सरकला. बाहेर एक ट्रक गेला, भांडी किणकिणली. दोघंही हलले नाहीत. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील.

मग कॉम्प्युटर बोलला, "रुखमा, आता मले बोलू दे."