होकाराचं शरबत

"अम्मी, आधी हाच केग का?" हाशिरने नळ बसवता बसवता विचारलं.

"हाच लाव. एकदा तरी माझं ऐक," शरफुन्निसा म्हणाली आणि ओढणी सावरत बायकांच्या बाजूला पसार झाली.

रियाधबाहेर पार्टीसाठी भाड्याने घेतलेल्या इस्तिराहात हिरवळीवर गालिचे अंथरले होते. कोपऱ्यात हाशिरचे दोन केग, म्हणजे नळ लावायची स्टीलची छोटी पिंपं, एक टेबलावर आणि दुसरा बर्फाच्या टबात. दोन्हींत त्याने घरी केलेली बियर होती. बियर म्हणायची आपली रीत. होतं जवाचं आणि आल्याचं पाणी. फेस येण्यापुरतं यीस्ट घालायचं आणि लगेच फ्रिजमध्ये टाकायचं. थंडीत यीस्ट झोपतं, नशेची भानगडच नाही. हे त्याने मुलाकडच्या आणि मुलीकडच्या नातेवाइकांना इतक्यांदा समजावलं होतं, की लहान पोरांनाही पाठ झालं होतं. तरी चिडवायचं कुणी सोडलं नाही.

"अल सुलैच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक आणि घरी बियरवाला!" रहमतुल्लामामू म्हणाला. तो मुलीचा मामा, म्हणजे त्याला बोलायचा हक्कच. "जमालभाई, जावई बघून घ्या बरं."

जमालुद्दीन हसला नाही. बत्हाच्या बाजारात कापडाचं दुकान चालवून त्याला माणसं जोखायची सवय लागली होती. रत्नागिरीच्या या घराण्यात होकार तोंडाने देत नसत. मुलाने आणलेलं शरबत मुलीच्या बापाने प्यायलं, की लग्न ठरलं. त्याने ग्लास खाली ठेवला, तर पाहुण्यांनी आपापल्या चपला शोधायच्या. रूह अफजा सगळेच आणतात. हाशिरला आपल्या हातचं द्यायचं होतं. पडद्याआडून जमालुद्दीनची लेक मेहनाज बघत होती, आणि तिच्यावाचून त्याचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

"यल्ला, भर," मामू म्हणाला.

हाशिरने नळ उघडला. फेस असा उसळला, की मामूचा पांढराशुभ्र पायघोळ थोब छातीपर्यंत भिजला. सगळा गालिचा हसला. हाशिरही हसला. फेस खाली बसल्यावर त्याने ग्लास भरून दोन्ही हातांनी जमालुद्दीनपुढे धरला.

"बिस्मिल्लाह," म्हणत जमालुद्दीनने ग्लास उचलला.

तेवढ्यात हाशिरला वास आला. त्याच्या हातांवर सांडलेल्या फेसाचा वास. आंबूस आणि उग्र.

ग्लास ओठांना लागणार, एवढ्यात त्याने जमालुद्दीनचं मनगट धरलं आणि ग्लास काढून घेतला.

हसणं जागच्या जागी थांबलं.

"हे काय?" जमालुद्दीनने हळूच विचारलं.

"पिऊ नका, चाचा. हे आंबलंय. नशा आहे यात."

"खलास!" मामू उठलाच. "मुलीच्या बापाच्या हातातला ग्लास काढून घेतला, म्हणजे काय राहिलं? चला."

पडद्यामागे कुणीतरी रडू लागलं. मेहनाजच असणार, असं वाटून हाशिरचा जीव कासावीस झाला. पण पडदा सारून बाहेर आली ती शरफुन्निसा.

"पोराला बोलू नका. मी केलंय हे," ती हुंदके देत म्हणाली. "चाखून बघितलं तर कडू! होकाराचं शरबत कडू कसं द्यायचं, सांगा! डबाभर साखर ओतली मी यात. आणि सांदणांचे डबे फ्रिजमध्ये मावेनात, म्हणून हा दोन दिवस बाल्कनीत ठेवला."

हाशिरने कपाळावर हात मारला. "उन्हात? म्हणजे यीस्ट जागं झालं, आणि साखरेची नशा केली त्याने!"

"मला काय माहीत, बाबा, त्याला ऊन लागतं!"

हाशिरने केग उचलला, भिंतीकडच्या वाळूत नेऊन उपडा केला. फेस वाळूत जिरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. परत येताना आपल्या चपला कुठे काढल्यात, हे तो मनातल्या मनात आठवत होता.

"त्या दुसऱ्याचं काय?" जमालुद्दीनने विचारलं. तो अजून बसलेलाच होता.

"त्याला अम्मीने हात लावलेला नाही. साखर संपली होती ना गं?"

शरफुन्निसाने डोळे पुसत मान डोलावली.

"मी भरला तसाच आहे, चाचा. फ्रिजमधून थेट बर्फात. पण कडू आहे."

"जमालभाई, कशाला?" मामू ओला थोब झटकत म्हणाला. "घरी जाऊ, चहा पिऊ."

"बस रे तू." जमालुद्दीनने आपलं मनगट चोळलं. हाशिरने जोरातच धरलं होतं. "मी पिऊन टाकलं असतं. मला काय कळणार होतं? हा गप्प बसला असता, तर लग्न ठरलंही असतं. तरी याने हात धरला. भर रे."

हाशिरने दुसरा नळ उघडला. या वेळी फेस बेताचा आला. त्याने आधी वास घेतला, मग स्वतः एक घोट प्यायला, आणि मगच दुसरा ग्लास भरून पुढे केला.

जमालुद्दीनने घोट घेतला. त्याचं तोंड असं वाकडं झालं, की पडद्यामागे मेहनाज खुदकन हसली. शरफुन्निसा तर चहासाठी ठेवलेला साखरेचा डबा घेऊन धावतच आली.

जमालुद्दीनने ग्लासावर तळहात ठेवला.

"राहू द्या, भाभी. साखर निकाहच्या दिवशी घाला," तो म्हणाला आणि त्याने ग्लास पुन्हा तोंडाला लावला. या खेपेला कुणी त्याचा हात धरला नाही.