पांढरा कोपरा

"ताईच्या लग्नात फोटो काढायला आला होतात ना, तेव्हा मी तुमच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नव्हतं!" कुमुदकाकू ठणकावून सांगत.

"तूच आधी पाहिलंस," तगारेकाकांचा हेका. पुरावा म्हणून त्याच लग्नाचा चौकोनी फोटो होता. पण काकू उभ्या होत्या तो कोपरा नेमका पांढराफटक.

दोष लेन्सचा. काकांच्या एन्लार्जरला, म्हणजे फोटो मोठा करून छापायच्या यंत्राला, छोट्या फिल्मची पन्नास मिलिमीटरची लेन्स होती. मोठ्या चौकोनी निगेटिव्हच्या कोपऱ्यांपर्यंत तिची धावच नव्हती; तिथला कागद कोराच राहायचा. गिऱ्हाइकाने विचारलं, की काका बेधडक म्हणत, "ती माझी स्टाइल आहे."

शेवटी काकांच्या वाढदिवसाला काकूंनीच मोठ्या निगेटिव्हसाठीची ऐंशीची लेन्स आणली. "आता तरी कोपरे नीट छापा."

काकांनी पहिली निगेटिव्ह कोणती लावली, हे सांगायला नकोच. लाल दिव्याखाली दोघं ट्रेवर वाकली. द्रावणात कागद हलवता हलवता आधी काळे कोट उमटले, मग शालू, शेवटी चेहरे. कोपऱ्यात अक्षतांची मूठ तशीच धरून एक मुलगी उभी होती. सगळं वऱ्हाड नवरानवरीकडे पाहत होतं. ती एकटी थेट कॅमेऱ्याकडे पाहून गालातल्या गालात हसत होती.

काका नुसते खाकरले.

काकूंनी पदर सावरला. "छान आलाय हो. पण कोपरे पांढरेच बरे दिसायचे. ती जुनी लेन्स लावा पाहू परत."