बाईंच्या नावाचं वेत

फोटोतला कुत्रा कापला होता. मंचावरच्या हार घातलेल्या भल्यामोठ्या चौकटीत सासूबाई हसत उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात कमरेजवळ नुसताच अधांतरी टेकलेला दिसत होता. “एकट्या बाईंचा फोटो मिळालाच नाही हो कुठे,” मंडळाचा चिटणीस सुनेला सांगून गेला, “शेवटी कात्री लावली.”

मांडीवरचा मुलगा खुर्चीच्या सुटलेल्या खिळ्याशी चाळा करत होता, त्याचं बोट सुनेने तिथून काढलं. डोळे मात्र मंचावर. मंचाला कठडा नव्हता, फरशी गुळगुळीत, आणि कडेपासून वीतभर अंतरावर ठमी उभी होती. सासूबाईंची नऊ वर्षांची कुत्री. घसरू नये म्हणून चारही पाय फाकून नखं रोवायला बघत होती, पण फरशी दाद देत नव्हती.

माइकवर अध्यक्ष होते. कुत्र्यांची ही जात नामशेष व्हायला आली तेव्हा मास्तरीणबाई शाळा सुटल्यावर मेंढपाळांचे उंबरे कसे झिजवत फिरल्या, चार धड कुत्र्यांवर मंडळ कसं उभं केलं, हे ते रुमालाने डोळे टिपत सांगत होते. “बाई आम्हा सगळ्यांच्या आई होत्या,” ते म्हणाले. शेवटची दोन वर्षं याच लेकरांनी आईला बैठकीचं साधं बोलावणंसुद्धा धाडलं नव्हतं.

“आईचे पांग कसे फेडायचे?” अध्यक्षांनी आवाज चढवला. “मंडळाने ठरवलंय. बाईंच्या वाणाची ही शेवटची मादी. हिचं आणखी एक वेत आपण बाईंच्या नावाने घ्यायचं! पिल्लं कुणाकुणाला द्यायची तेही ठरलंय.”

टाळ्या पडल्या. ठमीची साखळी धरून बसलेला, प्रदर्शनांत कुत्री पारखणारा पंच उठला. त्याने सवयीने ठमीचा जबडा फाकून दात पाहिले, मग पोटाखाली हात घालून कंबर दाबली, टरबूज दाबून बघावं तशी. “दणकट आहे,” तो म्हणाला. “एक वेत सहज काढेल.”

ठमीने शेपूट पोटाशी घेतली.

तिसऱ्या वेताच्या वेळी तिचं पिल्लू आडवं आलं होतं. डॉक्टर ओढून काढत होते, ठमीचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं, आणि दिवस भरत आलेली सून दाराची चौकट धरून उभी होती. सासूबाईंनी आधी ठमीकडे पाहिलं, मग सुनेकडे. “बास,” त्या म्हणाल्या होत्या. “यापुढे हिला कुणी हात लावायचा नाही.”

शेजारच्या खुर्चीतल्या अध्यक्षांच्या बायकोने सुनेचा गुडघा थोपटला. “तूसुद्धा आता दुसऱ्याचं बघ हो. एकटं पोर हट्टी निघतं.”

सुनेने पहिल्या रांगेतल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता आणि मागे वळून बघत नव्हता. कुठल्याही समारंभात दर पाच मिनिटांनी वळून मुलाला हात करणारा माणूस आज वळत नव्हता, तेव्हाच तिला कळलं. याला आधी विचारलं होतं, आणि याने हो म्हणून टाकलं होतं.

मुलाला कडेवर घेऊन ती मंचावर चढली. घरच्यांच्या वतीने दोन शब्द बोलायला आली असं समजून अध्यक्षांनी कौतुकाने माइक पुढे केला.

“ठमी आता व्यायची नाही,” ती म्हणाली.

अध्यक्ष हसले. “अगं बाळ, तुझ्या भावना समजतात. पण आज बाई असत्या ना, तर त्या नाही म्हणाल्या नसत्या.”

“असताना म्हणाल्याच होत्या की. इथेच, याच हॉलमध्ये. तुम्ही माइक बंद करून चहा मागवलात.”

चिटणिसाचा हात बटणाकडे गेला. त्याच्या आधी तिनेच माइक टेबलावर आदळला. त्या दणक्याने मुलाने भोकाड पसरलं. तिने पंचाच्या हातातली साखळी धरली. तो सोडेना.

“सोडा. आणि तिच्या कमरेवरचा हातही काढा आधी!”

त्याने दोन्ही सोडलं.

दारापाशी नवऱ्याने तिला गाठलं. “अगं थांब ना! मी शब्द दिलाय त्यांना. चारचौघांत तोंड कसं दाखवू मी?”

“शब्द तू दिलायस ना?” ती म्हणाली. “मग पिल्लंही तूच घाल.”

हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी फस्सकन हसलं. मंचावरून अध्यक्षांनी घाईघाईने पुकारलं, “आता आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायची आहे!” खुर्च्या सरकल्या. उत्तर द्यायला उघडलेलं तोंड नवऱ्याने तसंच मिटलं आणि उंबऱ्यावर हात बांधून, मान खाली घालून तो उभा राहिला.

व्हरांड्यात नळ होता. तिने मुलाला खाली ठेवलं, त्याच्या डब्यातली बिस्किटं पर्समध्ये ओतली, डबा पाण्याने भरला आणि ठमीपुढे ठेवला. ठमी पिऊ लागली. लपक, लपक, लपक. उंबऱ्यावरच्या माणसाला वळसा घालून तो आवाज आत गेला आणि डोळे मिटून उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू येत राहिला.

डबा रिकामा झाला. तिने नळ सोडून तो पुन्हा भरला. आत कुणी खाकरलंसुद्धा नाही. ठमीला काही घाई नव्हती.